८०० कॅलरी, आठ आठवडे : सातपूरच्या शिफ्ट ड्युटीत जमेल का?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. वय ४४, सातपूर एमआयडीसीत सीएनसी सेक्शनला सुपरवायझर. उंची पाच फूट सात इंच, वजन ८६. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या मेडिकल चेकअपमध्ये शुगर निघाली. आता एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.२, उपाशीपोटी १६४. गोळी फक्त मेटफॉर्मिनची आहे, नावापुढे 'एम १' लिहिलेली, सकाळ-संध्याकाळ एकेक. बीपीची एक वेगळी.

आमच्याच शेडमधल्या एकानं दोन महिने रोज ८०० कॅलरीवर काढले. ११ किलो उतरला आणि डॉक्टरांनी त्याची गोळी बंद केली. त्याला विचारलं कसं काय, तर म्हणतो, "काही नाही राव, तोंड बंद ठेवायचं." अरे, तोंड बंद राहत नाही हेच तर दुखणं आहे माझं. रविवारी मिसळ ठरलेली, रस्सा दोनदा मागून. थर्ड शिफ्टला रात्री दोन वाजता कँटीनची भजी. बाकी दिवस पोहे.

बायको म्हणते अशक्तपणा येईल, मशीनमध्ये हात जाईल. आई म्हणते, तुझ्या आजोबांनाही होती, ८१ वर्षं जगले, सगळं खाऊन. (आजोबा रोज आडगावहून पायी बाजारात यायचे, हे आई सांगत नाही.)

तयार पावडरीच्या महागड्या पाकिटांवर दोन महिने काढायची ऐपत नाही. घरच्या जेवणात ८०० बसतं का? शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्याचं काय करू? आणि पुढच्या महिन्यात मेव्हण्याचं लग्न आहे, गंगापूर रोडला लॉन्सवर. तिथं मी वरातीपुढं नाचणार आणि जेवणार नाही, असं होईल का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

मूगगिळे

दीक्षित डाएट करा. दिवसातून दोनदा जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत आटपायचं, मधे काही नाही. खर्च शून्य, कॅलरी मोजायची कटकट नाही. माझे सात किलो गेले. आता दर दोन तासांनी खा म्हणणारे येतीलच, मी चाललो.

गोदाकाठ

दादा, मी केलंय, म्हणून लिहिते. जरा लांबेल.

मी ५३ वर्षांची. पंचवटीत राहते, पतपेढीत कॅशियर आहे. शुगर तीन वर्षांची. गेल्या वर्षी संक्रांतीचे तिळाचे लाडू संपले (म्हणजे मी संपवले) आणि त्यानंतरच्या सोमवारी सुरू केलं. रंगपंचमीला शनी चौकातल्या रहाडीत (रंगाच्या हौदात) पोरं उड्या मारत होती तेव्हा माझे आठ आठवडे नुकतेच पूर्ण झाले होते. काळ मुद्दाम तो निवडला. मधे पुरणपोळीची एक होळी सोडली तर गोडाधोडाचं फारसं काही येत नाही.

आधी माझी चूक सांगते, कारण तुम्हीही तीच करणार असं दिसतंय. मी कोणालाही न विचारता सुरू केलं. गोळ्या होत्या तशाच चालू, त्यात एक ग्लिमेपिराइड, जेवण कमी झालं की शुगर पाडणारी. चौथ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास काउंटरवर शंभराच्या नोटांचं बंडल मोजत होते. पहिल्यांदा ९७ भरल्या. दुसऱ्यांदा १०१. तिसऱ्यांदा मी कितीवर आहे हेच विसरले. २८ वर्षं नोटा मोजतेय, असं कधी झालं नव्हतं. कानामागून घाम, ओठ बधिर, आणि समोरच्या खातेदाराचा विनाकारण प्रचंड राग. आमच्या शिपायाच्या वडिलांना शुगर आहे, त्यानंच ओळखलं. "ताई, शुगर पडली तुमची," म्हणाला आणि पाण्यात चार चमचे साखर ढवळून हातात ग्लास दिला. पर्समधल्या मशीनवर ५८ दिसलं. पंधरा मिनिटांनी ८१.

तेव्हाचे माझे डॉक्टर म्हणाले, इंटरनेट बघून काहीही करता, नीट जेवा. गोळीचं काय करायचं ते काही बोलले नाहीत. मग भावानं दुसऱ्यांकडे नेलं. त्यांनी मी वहीत लिहिलेलं खाणं पूर्ण वाचलं, ग्लिमेपिराइड त्याच दिवशी बंद केली, बीपीची गोळी अर्धी केली, किडनीची तपासणी आणि डोळ्यांचा पडदा बघून घ्यायला लावला. वर सांगितलं, रोज सकाळची शुगर आणि बीपी लिहून दर तीन दिवसांनी पाठवा. आता खरं सुरू करा, म्हणाले. त्यामुळे चार दिवस वाया गेले ते गेलेच.

आता स्वयंपाकघरात या. भांडी बाजारातून एक ग्रॅमचा काटा आणला आणि पहिल्या संध्याकाळी घरातलं सगळं मोजत बसले. माझ्या हातची बाजरीची एक भाकरी ८० ग्रॅम पिठाची निघाली, म्हणजे २८० कॅलरी. अशा तीन भाकऱ्याही दिवसाच्या ८०० त मावत नाहीत, भाजी बाजूलाच राहिली. पण खरा धक्का तेलानं दिला. आम्ही चौघं, महिन्याला पाच लिटरचा डबा. तो भागला की माणशी रोजचं ३८ ग्रॅम तेल येतं, म्हणजे साडेतीनशेच्या जवळपास कॅलरी, त्या पण कोणाच्या ताटात दिसत नाहीत. मी आयुष्यभर भाताला दोष देत बसले होते.

माझा दिवस असा. सकाळी बिनसाखरेचा चहा, त्यात अर्धा कप दूध. नऊ वाजता साय काढलेलं एक कप दूध आणि व्हे प्रोटीनचा एक चमचा (डब्यात येतो तो मोठा). विकत आणलं ते एवढंच, एक डबा महिनाभर गेला. आमच्या घरात अंडं शिजत नाही, तुमच्यात चालत असेल तर दोन उकडलेली अंडी तेच काम करतील. दुपारी ४० ग्रॅम मूगडाळीचं घट्ट वरण किंवा तिचीच धिरडी, सोबत वाडगाभर भाजी आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, दाण्याच्या कुटाशिवाय. संपूर्ण जेवणाला एक छोटा चमचा तेल. साडेचारला पातळ ताक, जिरं-मीठ घालून. रात्री एक दिवस ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, एक दिवस पनीर, दुधी किंवा पालकाच्या सूपमध्ये. पुन्हा एक छोटा चमचा तेल. एखादा पेरू. पोळी, भाकरी, भात, साखर, गूळ काहीही नाही. पाणी तीन लिटर.

पहिले पाच दिवस डोकं दुखलं. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होते. डॉक्टर म्हणाले थांबा, त्यात बरंचसं पाणी आहे. शरीरातला साखरेचा साठा पाणी धरून बसलेला असतो, तो रिकामा झाला की पाणी निघून जातं. बद्धकोष्ठ झालं, इसबगोल सुरू केलं. थंडी मात्र भयंकर वाजली. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या रोज, आणि मी पतपेढीत पंखा बंद करून शाल पांघरून. भूक आठव्या-दहाव्या दिवसानंतर मवाळ झाली, हे मलाही खोटं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात वजन जागचं हलेना. काट्यावर सगळं बरोबर, वहीत सगळं बरोबर. एक दिवस लवकर घरी आले तर सासूबाई माझ्या झाकून ठेवलेल्या वरणावर तूप सोडत होत्या. चांगलं दोन चमचे. रोज सोडायच्या! मी वाटीकडे बघतेय, त्या माझ्याकडे बघतायत. म्हणाल्या, "नुसतं वरण सुनेपुढं कसं ठेवू?" आता यावर भांडणार कसं? दुसऱ्या दिवसापासून वरण मोजायचं काम त्यांच्याकडे दिलं. एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नाही त्यांनी.

आकडे : वजन ७३.४ वरून ६४.१. उपाशीपोटी १६८ होती, बाराव्या दिवशी १०९. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.८ वरून ६.२. एप्रिलमध्ये मेटफॉर्मिनही थांबवली. यंदाच्या मार्चमध्ये, गोळीशिवाय, ६.३.

माझ्या मते आठ आठवडे हा सोपा भाग होता. तेव्हा सगळं ठरलेलं असतं, काय खाऊ हा विचारच नसतो. नवव्या आठवड्यात दुपारी अर्धी भाकरी सुरू केली आणि त्या अर्ध्या भाकरीची मला खरंच भीती वाटली. पंधरा दिवसांनी रात्रीची अर्धी. मग आठवड्यातून दोनदा भात, वाटीनं मोजून. मे महिन्यात केस मूठमूठ गेले, ऑगस्टपर्यंत थांबले. दिवाळीत चिवडा खाल्ला (नाशिकचा चिवडा असतोच तसा, काय करणार) आणि अडीच किलो परत आले. डॉक्टरांशी ठरलेलं आहे, दोन किलोच्या वर गेलं की दोन आठवडे पुन्हा ८००. तसं केलं, उतरले. तेलाचा डबा आता दोन महिने पुरतो, चौघांना.

शिफ्टबद्दल : घड्याळाकडे बघू नका, उठल्यापासून मोजा. थर्डला जाताना सोयाबीनच्या वड्यांचा डबा न्या. कँटीनची भजी गरम असेपर्यंतच त्रास देते, अडीच वाजता ती कोणालाच नको असते. लग्नात हातात ताकाचा ग्लास धरा. हात मोकळा दिसला की लोक आग्रह करतात.

आणि 'मी चतुर्थी-एकादशी करतेच की' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. एकादशी आणि दुप्पट खाशी, साबुदाण्याची खिचडी काट्यावर ठेवून बघा एकदा.

औषधवाला

माझं मेडिकल दुकान आहे, सिडकोत. ताईंनी बहुतेक सगळं सांगितलं. पण सातपूरकर, तुमची गोळी 'फक्त मेटफॉर्मिन' नसावी अशी मला दाट शंका आहे. नावापुढे 'एम १', 'जी १', 'जीपी १' असलं की तो १ बहुतेक वेळा ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम असतो आणि मेटफॉर्मिन त्याच्या जोडीला. पट्टी उलटी करा, मागच्या बारीक अक्षरांत दोन्ही नावं असतात. फोटो मोठा करून वाचा. काउंटरवर रोज दहा जण मला 'साधी शुगरची गोळी' सांगतात आणि त्यातल्या बऱ्याच जोडगोळ्या असतात.

फरक असा : मेटफॉर्मिन एकटी सहसा शुगर धोक्याइतकी खाली पाडत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवला आहात की नाही हे त्यांना कळत नाही. वर त्याच गोळीत व्होग्लिबोज असेल तर घरातली साखर खाऊन शुगर लवकर वर येत नाही, कारण ती साखर फोडण्याचं कामच ते औषध लांबवतं. त्यांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवायची. डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर काढणारं औषध) असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही असलं काही करू नये. त्यात शुगर फार वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊन माणूस आयसीयूत जाऊ शकतो.

हा प्रकार हवेतला नाही. न्यूकॅसल विद्यापीठाच्या प्रा. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये ११ जणांना आठ आठवडे रोज ६०० कॅलरींवर ठेवलं. आठवड्यातच त्यांची उपाशीपोटीची शुगर नॉर्मलला आली. यकृतातली चरबी आधी उतरली, स्वादुपिंडातली हळूहळू, आणि इन्सुलिन पुन्हा नीट सुटू लागलं. मग स्कॉटलंड आणि टाइनसाइडमध्ये ३०६ जणांवर 'डायरेक्ट' नावाची मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आले. तीन ते पाच महिने रोज ८२५ ते ८५३ कॅलरी, तयार सूप-शेकवर. वर्षानं ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात ८६ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले, कारण वजन परत आलं, जे ताई सांगताहेत तेच. लक्षात घ्या, त्यात मधुमेह सहा वर्षांच्या आतला असलेलेच घेतले होते, इन्सुलिनवाले नव्हते. आणि शुगर-बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, डॉक्टरांच्या देखरेखीत. लोक कॅलरीचा आकडा उचलतात आणि हे वाक्य सोडून देतात.

गरोदर बाया, टाइप १ वाले, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले, किडनी बिघडलेले, यांनी हा धागा वाचून सोडून द्यावा. भराभर वजन उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. उजव्या बरगडीखाली कळ आली तर अॅसिडिटीची गोळी मागायला माझ्याकडे येऊ नका, सोनोग्राफी करा.

द्राक्षवाला

मी ओझरकडचा. उंची पाच-आठ, वजन ६६, दिसायला काटकुळा, तरी शुगर आहे. मला हे लागू आहे का? एकदा तीन आठवडे नुसता दुधीचा रस पिऊन काढले. पाच किलो गेले, दोन महिन्यांत सात आले. छाटणीच्या वेळी कात्री धरवेना इतकं अंग गळालं होतं. आता हंगाम आहे, बागेत उभं राहून मणी चाखायचेच लागतात, गोडी बघायला.

औषधवाला

द्राक्षवाले दादा, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे, २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ते आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. आपल्याकडच्या बारीक माणसाची चरबी अशी आत लपलेली असते. त्यामुळे वजनाचा काटा सोडा, बेंबीवरून टेप लावा. पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या वर नको. पण तुमच्या वजनाला आठ आठवडे वगैरे मनानं करू नका. बारीक माणसात शुगर वेगळ्या कारणानंही असते, त्यासाठी सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी) वगैरे तपासण्या असतात, त्या आधी.

नुसत्या रसात प्रथिनं नसतात, म्हणून स्नायू गेले आणि कात्री धरवेना. ताईंच्या ताटात बघा, दूध, व्हे, मूग, ताक, वड्या किंवा पनीर, प्रथिनांची बेरीज साठ ग्रॅमच्या आसपास जाते. आणि दुधी कडू लागला तर रस ओतून द्यायचा, तो विषारी असतो. मणी चाखून थुंका. वाइनवाले तेच करतात.

मूगगिळे

मी परत आलो. थुंकायची द्राक्षं हा नाशिकचा अपमान आहे.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार. औषधवाले साहेब, पट्टी उलटी केली. ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. दोन वर्षं खातोय आणि मला माहीत नाही. फर्स्ट शिफ्टला चहाच्या आधी कधी कधी हात थरथरायचे, मी समजायचो झोप कमी पडते.

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. ताईंचा दिवस कागदावर उतरवून नेला होता. त्यांनी वाचला, म्हणाले करू, पण लग्न होऊ द्या आणि सुरुवात फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात करा. मशीनवर काम आहे म्हणून पहिले दहा दिवस शुगरचं मोजमाप दिवसातून चार वेळा. गोळी त्या दिवसापासून बदलणार, बीपीचं तेव्हा बघून ठरवणार. किडनीसाठी क्रिएटिनिन करून घेतलं, ०.९. डोळ्यांची अपॉइंटमेंट गुरुवारी.

बायकोला धागा वाचून दाखवला. तुपाच्या वाटीपाशी खूप हसली, मग म्हणाली, "मी पण हेच केलं असतं." ताई, तो काटा केवढ्याला मिळाला? आणि घरच्यांचा स्वयंपाक वेगळा करायचा की एकच?

गोदाकाठ

काटा चारशेच्या आत. सेल जादा घेऊन ठेवा, ऐन वेळी संपतात. स्वयंपाक एकच करायचा, माझी भाजी फोडणीआधी काढून घ्यायचे आणि चमचाभर तेलात वेगळी परतायचे. मुलं आधी नाकं मुरडायची, आता त्यांनाही तशीच लागते.

वहिनींना सांगा, लग्नापर्यंत थांबायचंच आहे तर एक काम आजच करा. तेलाचा नवा डबा फोडाल तेव्हा त्याच्यावर मार्करनं तारीख लिहा. आणि घरात माणसं किती ते पण लिहा, पाहुणे धरून.